वजनाबद्दल पेशंटशी बोलताना

वजनाचा विषय काढण्याआधी विचारा, ‘आज वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल का?’ पेशंट ‘नको’ म्हणाला, तर तो ज्या त्रासासाठी आला आहे तिकडे वळा. घसा दुखतोय म्हणून आलेल्याला वजनावरून ऐकवलं, की तो पुढच्या वेळी येतच नाही.

वजन मोजण्याचं कारण सांगा: औषधाचा डोस, अंगावरची सूज, मुलाची वाढ. कारण नसेल तर मोजू नका. खाण्याच्या विकाराची (उपाशी राहणं, ताबा सुटून खाणं, मुद्दाम उलट्या काढणं) शंका असेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहायला सांगा आणि आकडा कळवायचा की नाही हे आधीच ठरवा. मोठ्याने वाचून दाखवणं तर नकोच. तो आकडा प्रिस्क्रिप्शनवर छापून हातात पडत नाही ना, हेही बघा. नेमकं हेच राहून जातं.

‘वा, बारीक झालात!’ हे वाक्य सोडून द्या. उपाशी राहून, उलट्या काढून घटवलेल्या वजनालाही त्यातून शाबासकी मिळते. ‘वजन कमी झालंय. ठरवून केलंत की आपोआप झालं?’ असं विचारा. खाण्याच्या विकारातून बरी होत असलेल्या मुलीला ‘तब्येत सुधारली हं’ म्हटलं, की तिला ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं. त्यापेक्षा थकवा, झोप, अभ्यासातलं लक्ष यांबद्दल विचारा.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘तुम्हाला खाण्याचा विकार असेल असं तुमच्याकडे बघून वाटत नाही’. वजन नेहमीसारखं किंवा जास्त असतानाही आजार गंभीर असू शकतो. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो. असं वाक्य ऐकून घरी गेलेला माणूस आणखी कमी खायला लागतो.

नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून विचारा: ‘जेवल्यावर फार अस्वस्थ वाटलं की काही जण मुद्दाम उलटी करतात. तुमच्या बाबतीत असं होतं का?’ जुलाब होण्यासाठी घेतलेल्या गोळ्या, ताबा सुटून खाणं, हेही याच सुरात विचारा. खाण्याच्या विकाराची शक्यता चाचपणाऱ्या ‘स्कॉफ’ प्रश्नावलीत पाचच प्रश्न आहेत. दोन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ आली, तर पुढची तपासणी करा. कॅलरी किंवा किलोचे आकडे तुम्ही होऊन बोलू नका, पेशंट त्यांच्याशी स्पर्धा करतो.

केसपेपरवर ‘ऐकत नाही’ लिहू नका. ‘दुपारचं जेवण टाळते’ लिहा.

सौम्य बोलण्याच्या नादात धोका मात्र झाकू नका. चक्कर येऊन पडणं, प्रौढ पेशंटची नाडी पन्नासच्या खाली असणं, अशा वेळी स्पष्ट सांगा: ‘हृदयाचे ठोके फार कमी पडताहेत. आजच दाखल व्हावं लागेल.’