मॉड्यूलच्या मागण्या एकदम आल्या, तर कर्नल कसा सांभाळायचा

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता येणारा कोडचा तुकडा) मागणारं रिक्वेस्ट_मॉड्यूल() हे फंक्शन बोलावलं की कर्नल स्वतः मॉड्यूलची फाइल शोधत बसत नाही. तो युजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेरचा, मॉड्यूल लोड करणारा मोडप्रोब हा प्रोग्रॅम चालवतो आणि तो संपेपर्यंत थांबतो. असे मोडप्रोब एका वेळी ५० च. एक्कावन्नावी मागणी रांगेत राहते आणि ५ सेकंदांत जागा झाली नाही तर एरर घेऊन परत फिरते. गाळप हंगामात सांगलीकडच्या कारखान्यांच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर नंबर लावून उभे असतात, तसंच. फक्त इथला ट्रॅक्टर ५ सेकंदांनी उसासकट घरी जातो.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'केमॉड बिझी' (मॉड्यूल मागवणारी यंत्रणा व्यस्त) दिसलं की ५० चा आकडा वाढवायला धावू नका. तो सोर्समधला स्थिरांक आहे, आणि रांग सहसा तुंबते ती पुढचं कोणीतरी अडकल्यामुळे. पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) कुठले मोडप्रोब लटकलेत ते बघा. प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या मॉड्यूल्स फाइलमध्ये 'लोडिंग'वर थांबलेली ओळ शोधा. दोषी बहुधा त्याच मॉड्यूलच्या इनिटमध्ये (लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सापडतो.

ड्रायव्हर लिहिताना क्रम असा ठेवा: आधी लॉक (यादी एका वेळी एकालाच हाताळू देणारं कुलूप) घेऊन आपल्या नोंदणीच्या यादीत शोधा. नसेल तर लॉक सोडा, मग मॉड्यूल मागा, परत लॉक घ्या आणि पुन्हा शोधा. लॉक धरूनच मागितलंत तर मागणी मोडप्रोबसाठी थांबते, मोडप्रोब इनिटसाठी आणि इनिट, नोंदणी करायला, तुम्ही धरलेल्या लॉकसाठी. तिघेही अडकले.

दुसऱ्यांदा शोधायचा कंटाळा करू नका. रिक्वेस्ट_मॉड्यूल()कडून शून्य परत आलं याचा अर्थ मोडप्रोब बिनतक्रार संपला, एवढाच. मोडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये त्या मॉड्यूलच्या 'इन्स्टॉल' ओळीत कोणी 'ट्रू' (काहीही न करता यशस्वी होणारी कमांड) लिहून ठेवलं असेल तर काहीच लोड न होता शून्य येतं. फाइलसिस्टिम शोधणारा कर्नलचा कोडही परत यादी तपासतो आणि सापडलं नाही तर लॉगमध्ये तशी तक्रार करतो. सापडल्यावर, लॉक हातात असतानाच ट्राय_मॉड्यूल_गेट() करून मॉड्यूल वापरात असल्याची नोंद करा, नाहीतर मधल्या मधे कोणी आरएममॉड मारून ते काढून टाकेल. असिंक वर्करमधून (मागे समांतर चालणाऱ्या कामातून) मागायचं असेल तर न थांबणारं, नोवेट रूप वापरा.

बूटच्या वेळचं दुखणं वेगळं. भरपूर कोअरच्या सर्व्हरवर यूडेव्ह (हार्डवेअर ओळखून त्याचं मॉड्यूल मागणारी सेवा) एकच मॉड्यूल अनेकदा मागतो, प्रत्येक प्रत मेमरीत येते आणि एक सोडून बाकीच्या फेकल्या जातात. कर्नल ६.५ पासून एफइनिट_मॉड्यूलने (फाइल थेट कर्नलच्या हाती देणाऱ्या सिस्टिम कॉलने) तीच फाइल आधीच लोड होत असेल तर मागून आलेले थांबतात आणि पहिल्याचाच निकाल घेतात. पण मोडप्रोबने मॉड्यूलची कॉम्प्रेस केलेली फाइल स्वतः उलगडून जुन्या इनिट_मॉड्यूलने दिलं, तर हा फायदा नाही. जुन्या कर्नलवर बूट ओळीत यूडेव्हचं चिल्ड्रन_मॅक्स (एका वेळी चालणाऱ्या त्याच्या प्रोसेसची मर्यादा) कमी करून बघा.

तपासायला कर्नलच्या सेल्फटेस्टमधली (सोर्ससोबत येणाऱ्या चाचण्यांमधली) केमॉडची स्क्रिप्ट चालवा. ८ वी चाचणी मुद्दाम ५० ची मर्यादा ओलांडते. कॉलेजच्या लॅबमधल्या दोन कोअरच्या व्हर्च्युअल मशीनवर ती निमूट पास झाली तरी हुरळून जाऊ नका. निदान ८ कोअर द्या आणि चाचणी पुन्हा पुन्हा फिरवा.