ब्रिजची भोके नेक बसवल्यावरच पाडावीत
घरी इलेक्ट्रिक गिटार बनवताना नेक (गिटारचा लांब दांडा) बॉडीवर पक्का बसल्याशिवाय ब्रिजसाठी (बॉडीवर तारांना आधार देणाऱ्या भागासाठी) ड्रिल हाती घेऊ नये. आराखड्यावरचे माप कितीही नेटके दिसो. नटच्या (नेकच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) माथ्यापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजून दुप्पट करावे (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या धर्तीच्या नेकवर ते सुमारे ६४८ मिलिमीटर भरते). सर्वांत बारीक तारेचे सॅडल (ब्रिजवरचा, तार जिच्यावर टेकते तो सरकता तुकडा) नेकच्या दिशेने जवळजवळ पूर्ण पुढे आणून नटपासून नेमके या अंतरावर ठेवावे, कारण फ्रेटवर दाबलेली तार ताणली जाऊन सूर किंचित चढतो आणि तो उतरवण्यासाठी सॅडल मागेच सरकवावे लागते, जाड तारांचे तर अधिकच. मग ब्रिज चिकटपट्टीने तात्पुरता धरून कडेच्या दोन्ही तारांच्या जागी दोरा ताणावा आणि तो फिंगरबोर्डच्या (नेकच्या फ्रेट बसवलेल्या पृष्ठभागाच्या) दोन्ही कडांपासून सारखाच आत राहतो ना, हे पाहूनच भोकांच्या खुणा कराव्यात.