डोकं फिरतंय म्हणजे काय?

घरी मराठी, शाळेत हिंदी, वैद्यकीचं शिक्षण इंग्रजीत. फॅमिली डॉक्टर म्हणून बसायला लागले तेव्हा वाटलं, एवढ्या भाषा पुरे. मग एक कन्नड बोलणाऱ्या आजी आल्या. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "डोकं फिरतंय." मी झोप, चिडचिड, घरातली भांडणं असं काय काय विचारत बसले. त्या गप्प. जायला उठल्या आणि टेबल घट्ट धरून उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कन्नडमध्ये 'तले तिरुगुत्तदे' म्हणजे चक्कर येते! आडवं झोपवून बीपी बघितलं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० ने उतरला तरी दखल घ्यावी लागते. त्यांचा ३० ने उतरला होता. बीपीच्या गोळ्यांचा डोस त्यांना जास्त होत होता.

त्याच आठवड्यात कन्नड शिकायला घेतलं.

नव्याने प्रॅक्टिस सुरू करत असाल तर व्याकरणाच्या मागे लागू नका. आधी आकडे, दिवसातल्या वेळा आणि दुखण्याचे शब्द शिका. ठणका वेगळा, कळ वेगळी, जळजळ वेगळी. आपल्या मराठीतसुद्धा 'चक्कर' एवढ्यावर थांबू नये. "घर गरगर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते?" असं विचारावं. घर फिरत असेल तर आधी कानाचा विचार करायचा, अंधारी येत असेल तर बीपीचा आणि रक्त कमी आहे का याचा.

थोडी भाषा येऊ लागली की मात्र जपायला हवं. १९८० मध्ये फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं होतं. घरचे स्पॅनिशमध्ये 'इन्तोक्सिकादो' म्हणाले, म्हणजे खाण्यातून काही बाधलंय. डॉक्टरांना तो इंग्रजीतला 'इंटॉक्सिकेटेड' (नशेत) वाटला आणि त्यांनी ते अमली पदार्थांचं प्रकरण धरलं. मेंदूत रक्तस्राव होता, तो उशिरा कळला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. म्हणून ऑपरेशनची संमती किंवा गंभीर निदान असेल तर मी आजही प्रशिक्षित दुभाष्याला बोलावते. पेशंटच्या लहान मुलांना मधे घालत नाही. आईच्या अंगावरून किती जातं, हे दहा वर्षांच्या मुलाने का विचारायचं?

आणि "समजलं ना?" असं विचारणं मी सोडलं. सगळे "हो" म्हणतात. गोळ्या हातात देऊन विचारते, "आता घरी गेल्यावर यातली कुठली, कधी घेणार?" परवा एका काकांनी रात्रीची गोळी डब्यातल्या सकाळच्या कप्प्यात टाकली. मग आम्ही दोघांनी मिळून सगळा डबा पुन्हा भरला.