केयी, केळी आणि माईक

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी फैजपूरहून भुसावळमार्गे जळगाव, लेक्चर, प्रॅक्टिकल आणि संध्याकाळी तीच एसटी उलटी. जर्नल पूर्ण करायलाही रविवार पुरायचा नाही, आणि नेमकं तेव्हाच मला रेडिओवर निवेदन करायचं वेड लागलं. तसं घरात रेडिओ नवा नव्हता. आजोबांच्या ट्रान्झिस्टरचा काटा 963 किलोहर्ट्झवर, म्हणजे आकाशवाणी जळगाववर, जो बसवलेला होता तो कोणी हलवायची हिंमत केली नाही.

वेळ नाही म्हणून अडून बसलेल्यांना आधी हेच सांगते की मी वेगळा वेळ कधी काढलाच नाही. एसटीत ऐकायचं आणि रात्री बोलायचं, एवढंच. ऐकायचं म्हणजे कान देऊन. निवेदिका गाण्याआधी किती वाक्यं बोलली, वेळ कशी सांगितली, श्वास कुठे घेतला, हे मी तिकिटाच्या मागे खरडायचे. महिनाभरात एक कळलं. चांगल्या निवेदनातलं वाक्य क्वचितच दहा-बारा शब्दांच्या पुढे जातं. मी लिहायचे ती वाक्यं मात्र परीक्षेतल्या उत्तरासारखी, ‘ज्यामुळे’, ‘त्याअर्थी’ करत पान ओलांडणारी.

रेकॉर्डिंग मोबाइलवर करायचे. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून डोक्यावरून गोधडी. मे महिन्यात, खान्देशात, गोधडी! पण घुमणं थांबतं हे खरं. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर बसते. कागद एकाच बाजूने लिहा आणि पान उलटू नका, अलगद बाजूला सरकवा. कागदाची ती सळसळ श्रोत्याला आवाजापेक्षा आधी ऐकू जाते. कापाकापीसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण सुरुवातीचे दोन-तीन महिने त्याच्या नादी लागू नका. चुकलं की अख्खं पुन्हा बोला, जीभ त्यानेच वळते.

माझी जीभ अडली ती ‘ळ’वर. आमच्या लेवा बोलीत केळीची केयी होते, डोळ्याचा डोया. आकाशवाणीच्या पहिल्या आवाज चाचणीत शेतीविषयक उतारा आला आणि मी केळीच्या बागेत सात वेळा ‘केयी’ म्हणून आले. नापास. मग चिडून इतकी ‘शुद्ध’ बोलायला लागले की ‘मिळाळं’ म्हणू लागले. हे दोन्ही खड्डे आपल्याकडच्या मुलामुलींना माहीत असावेत. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या बोलीत वाचायच्या आणि वेळ-तापमान प्रमाण मराठीत सांगायचं, ही दोन कपाटं वेगळी ठेवता आली पाहिजेत. बोली पुसू नका. बोलीतल्या कार्यक्रमांना तीच लागते आणि ती बाहेरून शिकून येत नाही.

खरा धडा मात्र आजीने दिला. फैजपूरच्या 1936 च्या काँग्रेस अधिवेशनावर पाच मिनिटांचं लेखन केलं होतं. सुरुवात: ‘डिसेंबर 1936 मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन संपन्न झाले.’ मोठ्याने वाचत होते, तर आजी म्हणाली, “कोनाले सांगून राह्यली व माय तू?” खरंच, कोणाला? कागद फाडला. नवीन सुरुवात बैलांनी ओढलेल्या रथातून, अधिवेशनासाठी बांबूंनी उभारलेल्या टिळकनगरातून केली, साल तिसऱ्या वाक्यात गेलं. आजी भाकरी थापता थापता थांबली. तेव्हापासून लिहिलेलं काहीही आधी चुलीपाशी वाचते. आकडेही तसेच. ‘तीन लाख सत्तेचाळीस हजार’ कानात राहत नाही, ‘साडेतीन लाखांच्या आसपास’ राहतं.

आता वाटा. आकाशवाणीची केंद्रं गरजेनुसार नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात काढतात: लेखी परीक्षा, मग आवाज चाचणी. पात्रता, वय जाहिरातीतच वाचा. ही नोकरी नव्हे, महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या, मानधन ड्यूटीगणिक. घर चालत नाही, पण शिकणाऱ्याला सहा दिवस पुष्कळ. दुसरी वाट सामुदायिक रेडिओची, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या केंद्राची. 2002 च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही तो सुरू करता आला. ट्रान्समीटर साधारण 100 वॉटचा, पोहोच दहा-पंधरा किलोमीटर. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण मुलाखत, संकलन, माईक जोडणं, सगळं एकाच माणसाला करावं लागतं. म्हणून नवख्याने संधी मिळाली तर आधी तिथेच हात बसवावा. अन् कॉलेजात युवक महोत्सव असेल तर सूत्रसंचालन सोडू नका. मात्र स्टेजवरचा चढा सूर माईकसमोर नको, तिथे श्रोता हातभर अंतरावर असतो.

दुसऱ्या चाचणीत निवड झाली. पहिली अडचण आवाजाची नव्हतीच, एसटीची होती. पहाटेच्या सभेला, म्हणजे प्रसारणाच्या सत्राला, पोहोचवणारी गाडी फैजपूरहून नाही. मग आदल्या रात्री जळगावला मावशीकडे मुक्काम, डब्यात भरीत-भाकरी, पिशवीत अर्धवट जर्नल. महिन्याच्या ड्यूट्या ठरण्याआधी परीक्षेच्या तारखा लेखी कळवा. मी तोंडी सांगितल्या होत्या, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशीच पहाटेची ड्यूटी लागली. सकाळची सभा संपवून धावत गेले, तेव्हा बाकीच्यांचं टायट्रेशन अर्ध्यावर आलं होतं.