कायदा आणि समाज परिषदेत पेपर वाचण्याची तयारी

या परिषदांत समोर दोन तऱ्हेचे श्रोते असतात. कायद्याची मंडळी कलम विचारतात. समाजशास्त्राची मंडळी विचारतात, ‘हे तुम्ही पाहिलंत कुठे?’ पेपर दोघांनाही पुरायला हवा. त्यासाठी कलम आणि व्यवहार यांच्यातली एकच फट धरा.

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ घ्या. कलम १३ नुसार पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. मग पोटगीचा अर्ज लिहितं कोण? तडजोडीचा आकडा कुठे ठरतो, समुपदेशकासमोर की बाहेरच्या बाकावर? खरा पेपर इथे सुरू होतो. ‘भारतीय स्त्री आणि कायदा’ हा विषय पंधरा मिनिटांत मावत नाही, आणि असे पेपर कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

न्यायालयात बसून निरीक्षण करण्याआधी न्यायाधीशांची लेखी परवानगी घ्या. कलम ११ प्रमाणे एका पक्षकाराने मागणी केली तरी सुनावणी बंद दालनात घ्यावी लागते. तेव्हा तुम्ही बाहेर. त्यामुळे मुलाखतींची सोय आधीच हवी. नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं मुळीच नाही. तालुका, नोकरी आणि वर्ष एकत्र आले की गावातला माणूस ओळखतो. दावा क्रमांक तर स्लाइडवर नकोच. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर त्यावरून पक्षकारांपर्यंत पोचता येतं. या बाबतीत ढिलाई अक्षम्य आहे. त्याचा त्रास बोलणाऱ्या बाईला होतो, अभ्यासकाला नाही.

कलमांचे आकडे ताजे ठेवा. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे, १ जुलै २०२४ पासून. जुन्या प्रकरणांसाठी दोन्ही आकडे द्या, नाहीतर प्रश्नोत्तरांची पाच मिनिटं त्यातच जातात.

संथ वाचनात मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणजे पंधरा मिनिटांना दीड हजार. आठ हजारांचा निबंध भरभर वाचून चालत नाही. आधीच्या अभ्यासांचा आढावा दोन वाक्यांत उरका आणि वाचलेला वेळ एका प्रकरणाला द्या. स्लाइड चार-पाच पुरेत. कलमाचा मूळ मजकूर मात्र एका स्लाइडवर पूर्ण हवा.

भाष्यकाराला, म्हणजे परिषदेत तुमच्या पेपरवर बोलणाऱ्याला, निबंध दोन आठवडे आधी पाठवा, सोबत तुम्हाला स्वतःला अडलेला एक प्रश्न लिहा. चांगली टीका बहुधा त्यावरच मिळते.