नाव मागे घ्यायचं असेल तर: कुणाला सांगायचं, कधी, आणि किती

"मुलगा उद्याच्या मॅचला जाणार नाही म्हणतोय, ताप नाही की काही नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून झोपलाय, आता मी काय करू?" असा फोन मला या वर्षात तिसऱ्यांदा आला. मी डॉक्टर वगैरे नाही. एकेकाळी स्टेट खेळलोय, आता फोंड्याला रविवारी सकाळी पोरांना बॅडमिंटन शिकवतो, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचं नाव ऐन टूर्नामेंटमधून मागे घेताना आम्ही घरच्यांनी जेवढ्या म्हणून चुका करता येतात तेवढ्या केल्या. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढचा फोन आला की हेच पाठवेन.

आधी आबे फारियाची गोष्ट. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला पुतळा आहे ना, बाईवर दोन्ही हात रोखून उभा असलेला, तो. कांदोळीचा माणूस, पाद्री आणि संमोहनवाला. सांगतात की लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि तोंडातून शब्दच फुटेना, तेव्हा जवळ असलेल्या बापाने कोंकणीत हळूच म्हटलं, ही सगळी भाजी रे, कातर रे भाजी! आणि पोरगा सुटला. गोव्यातल्या प्रत्येक आईबापाला वाटतं की आपलं काम तेवढंच, गॅलरीतून "कातर रे भाजी" ओरडायचं. ते चालतं, पण कधी चालतं तर नुसती धाकधूक असेल तेव्हा. धाकधुकीचं लक्षण म्हणजे पहिले चार-पाच पॉइंट खेळले की ती जाते, आणि मॅच संपल्यावर पोरगं पोटभर जेवतं. दुसरं जे असतं ते मॅचपुरतं नसतं, झोप उडालेली असते, आवडीचं माशाचं जेवणसुद्धा ताटात तसंच राहतं, दोस्तांचे फोन उचलत नाही, चिडचिड नाहीतर एकदम गप्प, आणि हे दोन-तीन आठवडे चाललेलं असतं. तिथे भाजी कातरायला सांगून काही होत नाही.

पुतणीचं सांगतो. लॉजवर आदल्या रात्री तिने रॅकेटची ग्रिप चार वेळा सोडून परत गुंडाळली, मला वाटलं पोरगी नीटनेटकी आहे. सकाळी सर्व्हिसला उभी राहिली, शटल पिसांना चिमटीत धरलेलं, रॅकेट मागे टेकलेली, आणि बोटं उघडेनात. अंपायर बघतोय, समोरची मुलगी वाकून तयार. हिने हात खाली घेतला, लेस बांधली, परत उभी राहिली, परत तेच. आणि मी शहाणा वरून ओरडतोय, "चल गो, सोड ते शटल, किती वेळ!" गेम 21-6 हरली आणि बाथरूममध्ये जाऊन बसली ती अर्धा तास बाहेर आली नाही.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स, तिचं टोकियो ऑलिम्पिकला काय झालं ते मला या प्रसंगानंतर नीट समजलं. 27 जुलै 2021, टीम फायनल, व्हॉल्टवर हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या, कशीबशी पायावर उतरली. जिम्नॅस्ट लोक त्याला ट्विस्टीज म्हणतात, हवेत असताना आपण कुठे आहोत, जमीन कुठल्या बाजूला आहे हे शरीराला कळेनासं होतं. आपल्याकडे तेव्हा बरेच जण म्हणाले की प्रेशर झेपलं नाही, घाबरली. अरे बाबांनो, एवढ्या उंचीवरून डोक्यावर पडली असती तर मान मोडली असती. आमच्या खेळात बोटं उघडली नाहीत तर फार तर पॉइंट जातो, तिच्या खेळात जीव जातो, एवढाच काय तो फरक.

आता कामाचं. पहिली गोष्ट म्हणजे टूर्नामेंटचं प्रॉस्पेक्टस. ते कुणीच वाचत नाही, फी आणि शटल कुठलं एवढंच बघतात. त्यात नाव मागे घ्यायची शेवटची तारीख असते आणि सगळं गणित तिच्यावर आहे. त्या तारखेआधी ईमेल केलात तर बहुतेक ठिकाणी कुणी का म्हणूनही विचारत नाही, तुमच्या जागी वेटिंगवालं पोर येतं. ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, पडल्यावर सांगितलंत तर समोरच्याला वॉकओव्हर, आणि मग दंड किंवा मेडिकल सर्टिफिकेट, हे प्रत्येक असोसिएशनचं वेगळं. मॅच चालू असताना सोडायची असेल तर अंपायरला "रिटायर" एवढं म्हटलं की झालं, दुखापतीला जो शब्द तोच इथे. सगळ्यात वाईट म्हणजे न सांगता गैरहजर राहणं. आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी तिची मिक्स्ड डबल्स होती, वहिनी म्हणाली कुणाला तोंड दाखवणार, आणि आम्ही सकाळची बस पकडून सरळ घरी. जोडीदार मुलगा किट घालून कोर्टवर उभा, तीनदा नाव पुकारलं. त्या पोराची माफी मागायला मला आठ दिवस लागले.

म्हणून डबल्स किंवा टीम असेल तर पहिला फोन जोडीदाराला, ऑफिसला नंतर. बाइल्सने व्हॉल्टनंतर लगेच टीमला सांगितलं, मग बार आणि बीमवर जॉर्डन चाइल्स गेली, फ्लोअरला सुनीसा ली, आणि ही ट्रॅकसूट चढवून कडेला उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. अमेरिकेला सिल्व्हर मिळालं. लवकर बोलली म्हणून बाकीच्यांना तयारीला निदान थोडी मिनिटं तरी मिळाली.

फोन पोराने करायचा नाही. अठराच्या आतलं असेल तर आई किंवा बाबा, मोठं असेल तर कोच किंवा कुणीतरी मोठा भाऊ-बहीण, आणि हे कोण करणार ते सीझन सुरू व्हायच्या आधी ठरवून ठेवा, कारण त्या रात्री घरात सगळेच एकमेकांवर ओरडत असतात. बोलायचं दोनच वाक्यं. मी जो मेसेज आता सगळ्यांना देतो तो असा: "नमस्कार सर, अमुक गटातली आमची खेळाडू तब्येतीच्या कारणामुळे उद्यापासून खेळणार नाही, कृपया नाव काढावं. लागत असेल तर सर्टिफिकेट तीन दिवसांत पाठवतो." बस. खाली निबंध लिहू नका. समोरून "काय झालं?" आलं तर "डॉक्टरांकडे चाललोय" एवढंच. आम्हाला एका टूर्नामेंटच्या टेबलावरच्या गृहस्थाने चार लोकांसमोर विचारलं होतं, "डोक्याचा दाखला आणणार काय?" त्याला उत्तर द्यायला मी थांबलो, अजून पश्चात्ताप होतो, निघून जायचं होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलेला आहे. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव न घालता अमुक तारखेपर्यंत खेळायला अनफिट एवढंच लिहा, अशी डॉक्टरांना विनंती करता येते.

"मग सरळ ताप आला म्हणून सांगू का?" हे सगळे विचारतात. नको. क्रिकेटर मार्कस ट्रेस्कोथिक 2006 मध्ये इंग्लंडबरोबर भारतात आला होता, बडोद्याहून एकाएकी घरी गेला. आधी घरगुती कारण सांगितलं, मग टीव्हीवर व्हायरस झाला म्हणाला, आणि प्रत्येक नव्या कारणाला नवे प्रश्न चिकटत गेले. खरं सगळं 2008 मध्ये स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलं. तापाची अडचण अशी की तो तीन दिवसांत उतरतो, मग चौथ्या दिवशी कोच विचारतो, प्रॅक्टिसला का नाही? "तब्येत" हा शब्द खोटाही नाही आणि तीन दिवसांत संपतही नाही.

अर्धवट माघार घेऊ नका हेही सांगतो, माझं मत आहे, पटलं तर घ्या. टेनिसवाल्या नाओमी ओसाकाने 2021 च्या फ्रेंच ओपनला आधी फक्त प्रेस कॉन्फरन्स करणार नाही असं जाहीर केलं. पहिली मॅच जिंकली, 15,000 डॉलर दंड बसला, चारही ग्रँडस्लॅमवाल्यांनी मिळून पुढे हकालपट्टीही होऊ शकते असं सुनावलं, आणि दुसऱ्या दिवशी 31 मेला तिने पूर्णच नाव काढलं, तेव्हाच 2018 पासून डिप्रेशनचे झटके येताहेत हे सांगितलं. चूक तिची होती असं मी म्हणत नाही, नियमच तसे आडमुठे होते. पण आपल्या पोरांच्या बाबतीत "सिंगल्स खेळ, बाकी सोड", "निदान पहिला राउंड तरी खेळ, एन्ट्री फी भरलीय" असली तडजोड करून दोन्हीकडचा त्रास वाढतो. एन्ट्री फी गेली तर गेली.

मग डॉक्टर. गोव्यात अजून "बांबोळीला नेलं" म्हटलं की लोक आवाज खाली करतात, आधी अल्तिनोचं नाव घेऊन चिडवायचे, हॉस्पिटल तिथून हललं तशी चिडवण्यातली जागाही हलली. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत ओपीडी आहे, सरकारी आहे. सुरुवात फोनवर करायची असेल तर टेलि-मानस, 14416, फुकट, चोवीस तास, 2022 पासून चालू आहे. आणि पोरगं जर "मी नसलेलंच बरं" अशा अर्थाचं काही बोलत असेल तर हे सगळं वाचत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, 108 लावा किंवा गाडीत घालून सरळ बांबोळीला न्या, टूर्नामेंटचं नंतर बघू.

औषधांचं एक कोचलोकांनाही माहीत नसतं. डिप्रेशनवर नेहमी देतात त्या एसएसआरआय गोळ्या डोपिंगच्या यादीत नाहीत, डॉक्टरांनी दिल्या तर बिनधास्त घ्या, मात्र गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. उलट एडीएचडीसाठीचं मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं आहे, त्याला आधी परवानगी काढावी लागते, टीयूई म्हणतात ती. छातीत धडधड होते म्हणून बरेच डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात, ते नेमबाजी आणि तिरंदाजीत चालत नाही, स्पर्धा नसतानाही नाही, कारण हात स्थिर होतो. बॅडमिंटनवाल्यांना ती बंदी नाही. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की पोर स्पर्धा खेळतं, आणि नाडाचं, म्हणजे डोपिंग तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं, नो युवर मेडिसिन म्हणून ॲप आहे त्यात औषधाचं नाव घालून बघा.

गावाचं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरपेक्षा मोठा असतो. चवथीला सगळे नातेवाईक एकत्र, आरती संपते, करंजी हातात येते आणि कुणीतरी मावशी विचारतेच, "काय गो, हल्ली पेपरात नाव दिसत नाही?" आम्ही त्या वर्षी ठरवून ठेवलं होतं, वहिनीने म्हणायचं "सध्या ब्रेक घेतलाय" आणि लगेच मावशीच्या गुडघ्याचं विचारायचं. गुडघ्यावर गाडी गेली की अर्धा तास निश्चिंती. पोरासमोर मात्र विराट कोहलीचं काढा, उपदेश म्हणून नको, गप्पांत. 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत 134 धावा, आणि पाच वर्षांनी 2019 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मॅक्सवेलने मानसिक थकव्यामुळे ब्रेक घेतला तेव्हा, हा इंदूरला म्हणाला की तेव्हा मलाही जग संपल्यासारखं झालं होतं पण सांगायचं कुणाला ते कळत नव्हतं. पुतणीने हे ऐकून फक्त "पाच वर्षं?" एवढंच विचारलं.

परत कधी यायचं? तारीख तुम्ही ठरवू नका, आणि "नॅशनल्सपर्यंत बरी होशील ना" हे तर अजिबात नको. इंग्लंडचा क्रिकेटर बेन स्टोक्सने 30 जुलै 2021 ला ब्रेक घेतला तो बेमुदत, भारताविरुद्धची सिरीज सोडून, आणि डिसेंबरमध्ये ॲशेसला परतला. बाइल्स टोकियोतच शेवटच्या बीम फायनलला उतरली पण उतरतानाची उडी बदलून, गिरकी काढून टाकून, आणि ब्राँझ घेतलं. त्यानंतर दोन वर्षं स्पर्धाच नाही, 2023 च्या ऑगस्टमध्ये परत आली आणि पॅरिसला तीन गोल्ड, एक सिल्व्हर. मला त्यातलं गोल्डपेक्षा बीमवरचं जास्त आवडतं, परत येताना ज्याची भीती आहे तेवढंच काढून ठेवून बाकीचं खेळायचं. पुतणीला आम्ही तीन महिने सर्व्हिस करायलाच लावली नाही. प्रॅक्टिसला सर्व्हिस मी करायचो, ती फक्त रॅली. मग एक दिवस तीच म्हणाली, काका, शटल द्या इकडे, आणि पहिल्या दहातल्या सहा नेटमध्ये गेल्या, पण बोटं उघडली.

मागच्या महिन्यात क्लबच्या टूर्नामेंटला एन्ट्री घातलीय, फक्त डबल्स. प्रॉस्पेक्टसचा प्रिंट फ्रिजवर लावलाय, आणि नाव मागे घ्यायच्या शेवटच्या तारखेभोवती निळ्या पेनाने गोल आहे, तो तिने स्वतःच केलाय, जोडीदार मुलीचा नंबरही बाजूलाच लिहून ठेवलाय.