कुत्र्याला हेड हॉल्टरची सवय कशी लावावी

पोळ्याला बैलाच्या तोंडावर चढवलेली नवी म्होरकी तुम्ही पाहिली असेल, तर हेड हॉल्टर वेगळा समजावायला नको. एक पट्टा कानांच्या लगेच मागे, दुसरा नाकावरून, आणि लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, हनुवटीखाली. डोके वळले की अंग वळते, म्हणून तीस किलोचा कुत्राही म्हाताऱ्या माणसाला ओढून नेऊ शकत नाही. हे मुसके नव्हे. हॉल्टर नीट बसला असेल तर कुत्रा तोंड पूर्ण उघडतो, धापा टाकतो, पाणी पितो, आणि वेळ आली तर चावूही शकतो. नागपुरात अंबाझरी तलावाकाठी फिरताना रोज कुणीतरी ‘चावतो का हो?’ विचारतेच. उत्तर द्या आणि पुढे चला.

दुकानात मिळणारा सल्ला साधारण एकच असतो: ‘घाला आणि न्या फिरायला, दोन दिवस नखरे करेल, मग गप्प होईल.’ माझ्या पहिल्या लॅब्रॅडॉरला मी असेच नेले. त्याने रस्त्यावर नाक घासून घासून वरचे केस घालवले, खालची कातडी लाल झाली. तिसऱ्या दिवशी तो खरेच गप्प झाला, पण शेपूट पोटाशी होती आणि मान खाली. पुढे नुसता पट्टा हातात दिसला तरी तो दिवाणाखाली जायचा. ती भीती काढायला मला तीन महिने लागले. गप्प झालेला कुत्रा आणि तयार झालेला कुत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक ज्याला दिसत नाही त्याचा सल्ला घेऊ नका.

खाऊ म्हणून बिनमिठाचे उकडलेले चिकन किंवा पनीर घ्या, करंगळीच्या नखाएवढे तुकडे करा. सावजी रश्श्यातले मटण अजिबात नको. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी हॉल्टर घेऊच नका, त्यांना छातीचा हार्नेस बरा.

पहिले दोन-तीन दिवस नाकाच्या पट्ट्याचा गोल मोठा करून हातात धरा, पलीकडून तुकडा दाखवा. कुत्र्याने स्वतः नाक आत घालावे. गोल त्याच्या तोंडाकडे सरकवू नका. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटे. पट्टा दिसताच तो धावत यायला लागला की हा भाग संपला.

खरी अडचण याच्या पुढे आहे, बकल लावताना. बहुतेक लोक इथेच घाई करतात, कारण नाक तर छान आत जाते आहे, मग लावून टाकू, असे वाटते. पण कुत्र्याच्या बाजूने पाहा: नाक घालणे त्याच्या मर्जीचे होते, काढणेही त्याच्याच हातात होते. बकल लागले की ती मर्जी संपते. शिवाय त्याच क्षणी दोन हात कानांमागे येतात आणि कानाजवळ ‘टक्’ असा आवाज होतो. तीन नव्या गोष्टी एकदम.

म्हणून त्या सुट्या करा. एक दिवस फक्त आवाज: बकल त्याच्यापासून हातभर दूर वाजवा, तुकडा द्या, हळूहळू कानाजवळ आणा. दुसऱ्या दिवशी फक्त हात: कानांमागे बोटे फिरवा, तुकडा द्या. मग नाकाशिवाय नुसता मानेचा पट्टा लावा आणि लगेच काढा. हे सगळे जमल्यावरच नाक आणि बकल एकत्र, तेही एका सेकंदासाठी. मग दोन सेकंद, पाच, पुन्हा दोन, मग आठ. वेळ सतत वाढवत नेऊ नका. मध्ये सोपी फेरी आली की कुत्र्याचा विश्वास टिकतो. पट्टा अंगावर असेपर्यंत खाऊ एकामागून एक मिळत राहावा आणि पट्टा निघाला की खाऊही थांबावा. पट्टा काढल्यावर खाऊ दिलात, तर तो पट्टा निघण्याची वाट पाहायला शिकेल.

कधीतरी तो पंजाने नाक ओरबाडेलच. ओरडू नका, पण त्याच क्षणी पट्टाही काढू नका. नावाने हाक मारा, दोन पावले मागे व्हा. तो तुमच्याकडे आला, पंजा खाली गेला, की तुकडा द्या आणि मग काढा. लागोपाठ दुसऱ्यांदा ओरबाडले तर समजा की चूक तुमची, तुम्ही पायरी गाळली आहे, मागे जा. मात्र तो लोळायला लागला, भेदरला, तर तत्काळ सोडवा. तिथे शिस्त शिकवायची नसते. या टप्प्याला कुणाला पाच दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे. माझ्या आताच्या देशी कुत्रीला सोळा दिवस लागले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला नाही.

माप असे: मानेच्या पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावे. नाकाचा पट्टा नाकाच्या काळ्या भागापर्यंत सरकावा, पण निघून येऊ नये, आणि डोळ्यांकडेही चढू नये. लोक नेमके उलटे करतात, मान सैल आणि नाक घट्ट, म्हणून पट्टा घासतो.

मग घरात चाला, गच्चीवर चाला, शेवटी रस्त्यावर.

बाहेर दोन लीश ठेवा: एक हॉल्टरला, दुसरी नेहमीच्या गळपट्ट्याला किंवा हार्नेसला. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी चार-पाच मोकाट कुत्री अंगावर येतात, तुमचा कुत्रा उसळतो, आणि त्या वेळी हॉल्टरला झटका बसला तर मान मुरगळते. अशा वेळी दुसरी लीश धरा. हॉल्टरच्या लीशला झटका कधीच द्यायचा नाही, त्यावर लांब दोरी लावायची नाही, कुत्र्याला बांधून ठेवायचे नाही.

एप्रिल-मेमध्ये फेरी सकाळी सहाच्या आत उरका. पंचेचाळीस अंशांच्या शहरात कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो. जबडा पूर्ण उघडत नसेल तर पट्टा तिथल्या तिथे सैल करा. घरी आल्याबरोबर हॉल्टर काढा आणि नाकावरचे केस बोटाने मागे करून बघा. लाली दिसली तर ती पूर्ण जाईपर्यंत हार्नेसवर फिरवा. चट्टा पडला तर डॉक्टरांना दाखवा.